लीड्सचा रकाना, लंडनचा रकाना

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर यांनी टेबलावर कागद पसरला. एका बाजूला लीड्स, दुसऱ्या बाजूला लंडन. यांना लंडनच्या एका हॉस्पिटलात वरची जागा मिळत होती. पगार जास्त होता, पण लीड्ससारखं हॉस्पिटलचं घर तिथं मिळणार नव्हतं. भाडं, गॅस, बस, तांदूळ, मुलीचं दूध, सगळं पेन्सिलीनं मांडलेलं. लंडनचा खर्च पगारात जेमतेम बसत होता.

मी कागद दोनदा वाचला. तेव्हा मी कपड्यांच्या कारखान्यात कोटांना अस्तर लावायचे.

"माझा पगार कुठेय यात?"

"तिथं तुला काम करावं लागणार नाही."

"आणि इथल्या रकान्यात?"

"अगं, तो तुझा वरखर्च."

त्याच वरखर्चातून मुलीचे बूट, हिवाळ्याचा कोळसा आणि यांच्या परीक्षेची फी गेली होती. हे ओठांवर आलं होतं, पण ते माझ्याकडे बघेनात, तेव्हा वेगळीच शंका आली.

"अहो, होकार कळवलात का?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सोमवारीच पत्र टाकलं."

पुढचे सहा दिवस आम्ही मुलीशी बोललो, एकमेकांशी नाही.

शनिवारी तिघंही ट्रेननं लंडनला गेलो. यांच्या मित्रानं दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. कागदावरचं भाडं तिथलंच. मालकीणबाई यांच्याकडे बघून हसल्या. मग त्यांची नजर माझ्या कडेवरच्या मुलीकडे गेली.

"मुलं चालणार नाहीत. आधी सांगायला हवं होतं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या घरी 'जागा आत्ताच गेली' असं ऐकलं. खिडकीत 'खोल्या भाड्यानं देणे' ही पाटी तशीच होती. तिसऱ्या घरात मुलं चालत होती, पण भाड्यातच निम्मा पगार गेला असता. हे फुटपाथवर उभे राहिले. पाऊस भुरभुरत होता, मुलगी भुकेनं रडत होती.

"मी चुकलो," ते म्हणाले. लग्नाच्या पाच वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. तरीही माझा राग गेला नाही.

शब्द दिलेला होता, मागं फिरता येईना. हे एकटेच लंडनला गेले, हॉस्पिटलच्या एका खोलीत राहिले. लीड्सचं घर सोडावं लागलं. कारखान्याच्या वेळात मुलीला सांभाळणाऱ्या समोरच्या विधवा बाईंनी आम्हा मायलेकींना वरची खोली दिली. महिन्यातून दोनदा हे बसनं यायचे. त्या बसभाड्याचा विचार दोघांपैकी कुणीच केला नव्हता.

अकरा महिन्यांनी मला लंडनमध्ये शिवणकाम मिळालं आणि दोघांच्या पगारावर आम्ही दोन खोल्या घेतल्या. पहिल्या दिवशी यांनी मुलीला जवळ बोलावलं. ती माझ्या कोटाआड उभी राहिली आणि तिनं लीड्सच्या त्या बाईंच्या हेल काढलेल्या इंग्रजीत विचारलं, "हे परत कधी जाणार?"

हे गुडघ्यावर बसून तिच्या बुटांचे बंद सोडू लागले. तिनं पाय मागं घेतला नाही.