दुसऱ्या आडनावाची पूजा

आमच्याकडं घरात कुणी गेलं की सुतक फिटेपर्यंत, म्हणजे तेरा दिवस, घरच्यांनी देवाला हात लावायचा नसतो. पण देव बिनपाण्याचे ठेवत नाहीत. दुसऱ्या आडनावाचं कुणीतरी रोज येऊन त्यांची पूजा करून जातं. माझी बायको गेली तेव्हा हे काम शेजारच्या आळीतल्या धनगर वहिनींनी अंगावर घेतलं. वहिनींच्या घरी तीसेक मेंढरं, दोन शेळ्या आणि हळदीच्या रानाचा एक लहानसा तुकडा. मी शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी त्यांच्यासाठी गुरुजीच होतो.

बायकोचं दुखणं दीड वर्ष चाललं. वसमतहून नांदेडची एसटी, दवाखान्यातली रांग, परत एसटी. ती पिशवीत नागनाथाचा अंगारा ठेवायची आणि सुई टोचायच्या आधी बोट लावून घ्यायची. मी चिडायचो. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "दिवा तेवढा लावत जा. बाकी न्हाई जमलं तरी चालंल." मी हो म्हणालो. आमच्या संसारात मी इतक्या गोष्टींना हो म्हणून त्या केल्या नव्हत्या, की तिनं त्यावर फार भरवसा ठेवला नसावा.

ती गेली तेव्हा गावात हळद शिजवायचं काम जोरात चाललं होतं. मातीला आलेली माणसं पिवळे हात घेऊनच आली. मी रडलो नाही. लोक म्हणाले, गुरुजी लई खंबीर. खंबीर कसला? दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. कुणी गळ्यात पडून रडलं की मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचो आणि चहाचं बघा म्हणून बाहेरगावाहून आलेल्या सुनेला सांगायचो.

तेरावं झालं, मुलगा-सून परत गेली. चौदाव्या दिवशी सकाळी मी काड्यापेटी घेऊन देव्हाऱ्यासमोर बसलो. बराच वेळ बसलो. देवावर राग असता तर बरं झालं असतं. रागावण्यात तर माझी सगळी नोकरी गेली. पण राग नव्हता, काहीच नव्हतं. समोर पितळेची चार माणसं होती आणि त्यांना माझ्याशी किंवा मला त्यांच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात वहिनी सहज डोकावल्या. "आता तुमी करून राहिले ना पूजा?"

मी काड्यापेटी खाली ठेवली. "वहिनी, माझं सुतक फिटलं नाही अजून."

हे साफ खोटं होतं आणि ते त्यांनाही कळत होतं. "बराबर हाय," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला हजर झाल्या. मग रोजच येत राहिल्या, आठ महिने.

त्यांची पूजा म्हणजे अर्धं भांडणच असायचं. मी बाहेर खुर्चीवर पेपर धरून बसायचो आणि आतून त्यांचा आवाज यायचा. शेळीची कास सुजली, गुडघ्याची तकलीफ वाढली, शिरड शहापूरला दिलेली लेक अशक्त झाली, हे सगळं त्या देवाला सांगायच्या. "काहून असं करून राहिला रे तू?" म्हणून त्याला दमात घ्यायच्या. मग भंडारा वाहता वाहता माझा नंबर लागायचा. "गुरुजी काल बी अर्धीच भाकर जेवले. ध्यान ठिव जरा." मी न वाचताच पेपरचं पान उलटायचो.

भावकीतल्या एका काकूंनी नाक मुरडलं की आपले देव कुणाच्या हाती दिलेत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही या मग रोज.

खरी भीती मला वेगळीच वाटत होती. बायकोचा चेहरा आठवायला गेलं की आधार कार्डावरचा फोटो डोळ्यांसमोर यायचा, त्यामागची बाई यायची नाही. एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि तिच्यासाठी एक टिपूस नाही. आपण असेच कोरडे राहिलो तर ती आपल्यातून पुरती निघून जाईल, असं मला वाटायचं. हे सांगायचं कुणाला?

कार्तिकात एका सकाळी वहिनी आल्या नाहीत. त्यांचे मालक आले आणि अंगणातच उभे राहिले. "लेक गेली, गुरुजी. कावीळ झाली व्हती." मग म्हणाले, "आमची समदी आळी एकाच आडनावाची. तुमी येता का पूजेला?"

लग्न झालेल्या लेकीचं सुतक आईबापाला तीनच दिवस. पहिले दोन दिवस मी हजेरीपट भरावा तशी पूजा केली. ताम्हनात टाक धुतले, पुसले, मांडले, भंडारा वाहिला. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून लांब बसायच्या. मला काहीतरी धीर द्यायला हवा होता, पण माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, मुक्यानं काहून करून राहिले? त्याच्याशी बोलावं लागतंय."

"काय बोलू?"

"सुतकात मला त्याच्याशी बोलता येत न्हाई. तुमी इचारा. माझं लेकरू नीट पोचलं का म्हनावं. कुठं जायचं म्हनलं की तिला लई भ्याव वाटायचं. एसटीत बी माझा पदर धरून बसायची."

मला लाज वाटली. आयुष्यात मी देवाशी मोठ्यानं बोललो नव्हतो. तरी खंडोबाच्या टाकाकडं बघत म्हणालो, "वहिनींची लेक नीट पोचली का? तिला भीती वाटते."

"ऐकलं त्यानं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दीर्घ श्वास सोडला. तीन दिवस ताठ धरलेले त्यांचे खांदे खाली आले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं; मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला त्यांचा हेवा वाटला. लेक गेलेल्या बाईचा हेवा.

"आणि आमची ही?" मी विचारलं. हे विचारायचं मी ठरवलं नव्हतं. "ती पोचली का? तिला..."

पुढं काय म्हणायचं होतं कोण जाणे. माझ्या घशातून कसलातरी आवाज आला आणि मी त्या टाकांसमोर मांडी घातलेली तशीच ठेवून रडायला लागलो, नाक पुसायचंही भान न राहता. भंडारा, पाणी, सगळं हाताला लागून चिकट झालं. थांबवावं म्हटलं तर थांबेना. वहिनींनी मला गप्प केलं नाही. त्या चौकटीपासून हलल्याही नाहीत. फक्त सुतक बाजूला ठेवून, माझ्या डोक्यावरून आत देवाकडं बघत, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "जरा दम धर रं देवा. गुरुजींचं बोलून व्हायचंय."