स्वीडनच्या जेवणाचे शनिवार

माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या आईला स्वीडनमध्ये नोकरी लागली. आमचा घटस्फोट होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी आईकडे राहायची. शनिवारी सकाळी मी तिला स्कूटरवरून विश्रांतवाडीला आमच्या घरी आणायचो आणि रविवारी संध्याकाळी परत सोडून यायचो. आमच्या घरी म्हणजे मी आणि माझी आई, दोघंच.

ही बातमी सांगायला तिची आई खराडीला माझ्या ऑफिसखालच्या टपरीवर आली होती. फोनवर सांगावंसं वाटलं नाही, म्हणाली.

"तीन महिन्यांनी निघायचंय. तिला घेऊन जाणार आहे मी. तुझी संमती लागेल, लेखी."

मी हातातला चहा संपवला. मग तोंडातून निघालं, "ती तिथे खाईल काय?"

ती हसली नाही. "मलाही तीच काळजी आहे," म्हणाली.

मुलीचं खाणं मोजून चार पदार्थांचं होतं. वरण-भात, साखर लावलेली पोळी, दही आणि बटाट्याचे वेफर्स. वरणात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी ती ते बोटाने उचलून ताटाच्या कडेला चिकटवायची आणि मगच पहिला घास घ्यायची. आणि तिथल्या शाळेत मुलं डबा नेत नाहीत. शाळेतच जेवण असतं, सगळ्यांना एकच. आठ वर्षांचं पोर, परकी भाषा, समोर ताटात काय आहे तेही कळत नाही आणि पोटात भूक. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

खरं सांगायचं तर ती काय खाते, कशी खाते हे मला माहीत झालं तेच घटस्फोटानंतर. ती लहान असताना मी अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करायचो. घरातली माणसं जेवायला बसत तेव्हा माझी कंपनीची गाडी सोसायटीच्या फाटकाशी उभी असायची. आमचं मोडलं त्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. मी घरात नव्हतो, एवढंच. "तुझं ताट वाढून ठेवायचं मी सोडून दिलंय," असं ती एकदा म्हणाली होती आणि मी, "बरं झालं, अन्न वाया जात होतं," असं उत्तर दिलं होतं. ते उत्तर आजही आठवलं की मान खाली जाते.

ऑफिसातले एक सहकारी दोन वर्षं तिकडे राहून आले होते. मी त्यांच्या मागे लागलो. ते म्हणाले, "अहो, पदार्थ सोपे आहेत. मसालाच नसतो, चुकणार काय? पण एक करा. मुलीला ताट वाढून देऊ नका. भांडी टेबलाच्या मध्ये ठेवा, तिचं तिला घेऊ दे. एक घास चाखायचा. नाही आवडला तर नको म्हणायचं, कुणी रागवायचं नाही. आणि टेबलावर मेणबत्ती लावा."

"मेणबत्ती कशाला?"

"तिकडे लावतात. अंधार फार असतो हो."

पहिल्या शनिवारी मी बटाटे उकडले, त्यावर लोणी घातलं आणि बारीक चिरलेला शेपू पेरला. तिकडे बटाट्यावर, माशावर, काकडीवर शेपूच घालतात हे वाचून मी डोक्याला हात लावला होता. पुण्यातलं कुठलं पोर शेपू खातं? आई ओट्याशी उभी राहून बघत होती. "शेपूला एवढा मान या घरात कधी मिळाला नव्हता," म्हणाली. ती रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणते. तिच्या मेणबत्त्यांच्या पुडक्यातली एक मी मागून घेतली.

मुलगी टेबलाशी आली आणि थबकली. "आज कुणाचा वाढदिवस आहे?"

"कुणाचा नाही. तिकडे असं जेवतात."

'तिकडे' म्हटल्यावर तिचा चेहरा बंद झाला. पण बसली. एक लहानसा बटाटा घेतला, त्यावरचा शेपू सुरीने खरवडला, आणि उरलेला घास डोळे मिटून गिळला.

"कसा आहे?"

"गवतासारखा."

"गवत कधी खाल्लंस?"

"आत्ता," ती म्हणाली. आई पदरात तोंड लपवून हसली. मीही हसलो. त्या दिवशी ती शेवटी दही-भात खाऊन झोपली, पण मला वाटलं, जमेल.

मग मी दर शनिवारी काहीतरी करत गेलो. पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप केलं. कोंबडीच्या खिम्याचे गोळे करून त्यावर साय घातलेला पांढरा रस्सा आणि बाजूला आंबट मुरंबा. मुरंबा तिकडे रानातल्या लाल फळांचा असतो, मी करवंदांचा केला. काकडीचे पातळ काप साखर आणि व्हिनेगरमध्ये मुरवले. राय नावाच्या धान्याचा काळा पाव मिळेना, म्हणून नाचणीच्या पातळ कुरकुरीत चकत्या भाजल्या. सुरमई मसाल्याशिवाय, नुसतं मीठ-लिंबू लावून भाजली तेव्हा आईने तो मासा असा काही पाहिला, जणू मी त्याच्यावर अन्याय केला होता.

मुलीला मी ओट्याशी स्टूल दिलं. ती गोळे वळू लागली. काकडी कापू लागली. जे स्वतः कापलं ते ती चाखायची, हे माझ्या लक्षात आलं. काकडी आवडली. मुरंबा आवडला. वेलचीचे गोड पाव केले तेव्हा तिने तीन खाल्ले. मसाल्याच्या डब्यातली आपली वेलची तिकडेही पोचली आहे म्हटल्यावर तिला फार नवल वाटलं. "ती कशी गेली तिकडे? विमानाने?" मी म्हटलं, "आधी बोटीने गेली असेल." तर म्हणे, "एकटीच?"

ते शनिवार माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले शनिवार होते, हे मी लिहून ठेवतो. मी बाप झालो तो त्या ओट्याशी. आणि मला कळत होतं की प्रत्येक आठवड्याला मी तिला माझ्यापासून दूर राहायला शिकवतोय. तिने एखादा नवा घास गिळला की मला आनंद व्हायचा. संमतीपत्र कपाटात तसंच होतं. तिची आई विचारत होती, मी 'करतो' म्हणत होतो.

माझ्या आईला ते पत्र सापडलं. एका दुपारी ती माझ्यापुढे येऊन बसली. "सही करू नकोस," म्हणाली. "तू नाही म्हणालास तर तिला नेता येणार नाही. मी विचारलंय."

"कुणाला विचारलंस?"

"विचारलंय," ती म्हणाली. आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केलेली बाई, कुणाला विचारायचं हे तिला माहीत होतं. नाही म्हणण्याचं माझ्याही मनात होतंच.

निघायला महिना राहिला, आणि मुलीचं बिघडलं. एका शनिवारी तिने सुपाला तोंड लावलं नाही. पुढच्या शनिवारी गोळेही नकोत, काकडीही नको. स्वतः कापलेली काकडी तिने ताटातून बाहेर सारली. मी समजावलं. मग आवाज चढला. तिने एक घास तोंडात घेतला आणि ताटातच ओकली.

मी ओरडलो. "तिथे उपाशी राहायचंय का तुला? तिथे कोण बसलंय वरण-भात घेऊन?"

माझा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती रडली नाही. पालथ्या हाताने तोंड पुसलं आणि खाली बघत म्हणाली, "मला तिथलं काहीच खाता आलं नाही, तर मला इथे ठेवशील ना?"

मग मला सगळं कळलं. ती आईकडे काकडी खात होती, मुरंबा मागून घेत होती. हे मला नंतर तिच्या आईकडून समजलं. नापास होऊन इथेच राहायचा बेत तिने एकटीने आखला होता आणि त्यासाठी आवडते पदार्थ सोडले होते.

मी तिला उचलून न्हाणीघरात नेलं, तोंड धुतलं, कपडे बदलले. ती माझ्या खांद्याला चिकटून होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. आई दारात उभी होती, तिचे डोळे मला तेच सांगत होते. मी विचारलं, "आणि तुझी आई? ती तिथे एकटी जाईल?"

तिने तोंड माझ्या खांद्यात लपवलं. मग म्हणाली, "आई रडते. स्वयंपाकघरात. तिला वाटतं मला माहीत नाही."

"मग?"

"मग मी जाते," ती म्हणाली.

आठ वर्षांच्या मुलीने तो निर्णय घ्यायला नको होता. तो आम्ही दोघांनी घ्यायचा होता, आणि आम्ही दोघंही तो तिच्यावर ढकलत होतो. सोमवारी मी सही करून पत्र तिच्या आईच्या हातात दिलं. माझी आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, वाढायची, पण शब्द नाही.

विमानतळ आमच्या घरापासून जवळ आहे. आधी दिल्ली आणि तिथून पुढे, असा त्यांचा प्रवास होता. मी आणि आई सोडायला गेलो. मुलीने अंगात जाड जाकीट घातलं होतं, पुण्याच्या उकाड्यात. काढ म्हटलं तर काढेना. आत जाताना तिने वळून पाहिलं नाही. तिच्या आईने पाहिलं. तिने मला हात जोडले, का ते मला अजून नीट कळलेलं नाही.

सुरुवातीला रोज फोन व्हायचा. मी एकच विचारायचो, "आज काय खाल्लंस?" ती सांगायची, मासा, बटाटा, बीट, वाटाणे. "सगळं संपवलंस?" "हो, सगळं." मी फोन ठेवून आईला सांगायचो, पोर सगळं खाते. ऑफिसातल्या त्या सहकाऱ्यांनाही मी पेढे दिले. मला वाटलं, मी तिला तयार करून पाठवलं.

दीड महिन्याने तिच्या आईचा फोन आला. आवाज बसलेला होता. शाळेतल्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. मुलगी जेवणाच्या टेबलावर टोकाला एकटी बसते. ताटातलं सगळं खाते, न आवडलेलंही. पण शाळा सुरू झाल्यापासून तिथे तिने एकही शब्द उच्चारलेला नाही. कुणाशीच नाही.

"तुला सांगते का काही?" तिने विचारलं.

"काय खाल्लं ते सांगते," मी म्हणालो. "मी दुसरं काही विचारलंच नाही."

दोघंही फोनवर रडलो. लग्नात आम्ही असं एकत्र कधी रडलो नव्हतो.

त्या दिवसापासून मी खाण्याचं विचारणं बंद केलं. शेजारी कोण बसलं होतं, कुणी हसलं का, मैदानात काय खेळतात, असं विचारू लागलो. आधी उत्तरं यायची नाहीत. मी थांबायचो. कधी पाच-पाच मिनिटं आम्ही नुसते एकमेकांकडे पाहत बसायचो. एकदा मी विचारलं, "परत यायचंय का?" ती म्हणाली, "विचारू नकोस ना बाबा." मी पुन्हा विचारलं नाही.

हळूहळू तिला शब्द सापडले, पण ते तिथले. हिवाळा संपता संपता एका मुलीने तिला आपल्या बर्फावरच्या घसरगाडीवर मागे बसवून घेतलं. तिथून गाडी चालू लागली. मग वाढदिवसांना बोलावणी, मग पोहण्याचा क्लास. माझ्याशी बोलताना ती मध्येच अडखळते, मराठी शब्द शोधते, सापडला नाही की हात हलवून सोडून देते. रोजचा फोन आठवड्यावर आला. उन्हाळ्यात यायचं ठरलं होतं, ते पुढे गेलं. मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर तळ्याकाठी राहायला जायचं आहे, असं तिने सांगितलं. इतकी खूश होती की मी म्हटलं, "जा की. आम्ही कुठे पळून चाललोय?"

परवा शनिवारी दुपारी चारला मी फोन लावला. त्यांच्याकडे जेवणाची वेळ होती. पडद्यावर ती दिसली, मागे तीन-चार मुली, सगळ्यांची तोंडं भरलेली, कशावर तरी हसू आवरत नव्हतं. केस कापून मानेपर्यंत केले होते. मला ते ठाऊक नव्हतं.

"बाबा, आम्ही जेवतोय. नंतर करू?"

"कर गं, सावकाश कर," मी म्हणालो.

आई शेजारीच बसली होती, तिला बोलायचं राहिलंच. तिने विचारलं, "बरी आहे ना?"

"छान आहे," मी म्हणालो. आई उठून आत गेली. मी फोन हातात धरून तिथेच बसून राहिलो, दिवे लावायची वेळ झाली तरी. त्या दिवशी फोन आला नाही.