मानसभेचा दुसरा ठराव

ज्या उन्हाळ्यात माण गावच्या चौकात अण्णांच्या नातवाचा स्काउटच्या गणवेशातला फ्लेक्स लागला, त्या उन्हाळ्यात माझी शाळेतली नेमणूक अजून कच्ची होती. दर जूनला नवी ऑर्डर मिळायची, आणि एप्रिल लागला की ती मिळेल की नाही या विचाराने झोप उडायची. बायकोला दिवस गेले होते. माणमध्येच एका शेतकऱ्याने बांधलेल्या चाळीत आमची एक खोली होती. या वेळी कायमची ऑर्डर देतो, असं अण्णांनी स्वतःहून सांगितलं होतं. "तेवढं स्काउटचं शिबिर नीट करून दावा. शेवटच्या दिवशी मी पाव्हणं घेऊन येतो."

अण्णा आमच्या शाळेचे संस्थापक. त्यांची बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली. उरलेल्या तुकड्यात त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या आणि रस्त्याकडेला शाळा. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात आजही धजत नाही. मी करमाळ्याकडचा. वडील बाजार समितीत हमाली करायचे, घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. बी.एड. होऊन जिथे जिथे मुलाखतीला गेलो, तिथे प्रमाणपत्रांच्या आधी डोनेशनचा विषय निघाला. अण्णांनी तो काढलाच नाही. त्यांनी विचारलं, "पुस्तकाबिगर आजून काय येतं तुमाला?" मी म्हणालो, स्काउट. ते म्हणाले, "मंग या सोमवारपासनं."

स्काउट मला खरंच येत होतं. करमाळ्याच्या शाळेत आमच्या सरांनी माझा स्कार्फ स्वतःच्या पैशांनी आणला होता. मी तिथे गरुड संघाचा नायक होतो. दोरीच्या गाठी, तंबू, शिट्टीच्या खुणा हे सगळं आवडायचं, पण मला खरं लागलं होतं ते मानसभेचं वेड. मानसभा म्हणजे सगळ्या संघनायकांची बैठक. पथकातलं भांडण असो, चूक असो, कुणाचा मान करायचा असो, निर्णय मुलं घेतात. स्काउटमास्तर बसतो, विचारलं तर सल्ला देतो, पण त्याला मत नसतं, आणि झालेला ठराव त्यालाही बदलता येत नाही. आमच्या गल्लीत माझं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. मानसभेत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावरून काहीतरी ठरलं, आणि मोठ्या माणसांनी ते ऐकलं. आपण शिकू शकतो, मोठे होऊ शकतो, हे मला वर्गात कळलं नाही, तिथे कळलं.

म्हणून मुळशीच्या शिबिरात तंबू ठोकून झाल्यावर मी पहिल्यांदा मानसभाच समजावून सांगितली. माळरानावर, धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, एका जांभळाखाली. चार संघ होते: वाघ, गरुड, हत्ती आणि हरिण. वाघांचा नायक अण्णांचा नातू. गरुडांचा नायक एका कंपनीतल्या साहेबांचा मुलगा, घरचे अमरावतीकडचे. हत्तींचा नायक माझ्या घरमालकाचा मुलगा. हरणांचा नायक अबोल होता, तो हात वर करायचा तेवढाच.

"म्हणजे सर, तुम्ही चुकलात तर तुमच्यावर पण ठराव?" गरुडवाल्याने विचारलं.

"हो."

"भारी!" सगळे हसले. हत्तीवाला म्हणाला, "मंग घ्या ठराव, सरांनी आज भात करपवला." आणि तो एकमताने झाला. त्या रात्रीची भांडी मी घासली. मुलांना ते इतकं आवडलं की घरी पत्रं लिहिताना बहुतेकांनी तेच लिहिलं.

पहिले दिवस चांगले गेले. सकाळी ध्वज, मग तंबूंची तपासणी, उन्हं चढायच्या आत रानात खुणा शोधणं, करवंदांनी काळी झालेली तोंडं. अण्णांचा नातू उंच, हसरा, सगळ्यांत पुढे. त्याच्या मागे पोरं आपोआप जात. त्याचा मला राग कधीच आला नाही, आजही येत नाही.

बिनभांड्याच्या स्वयंपाकाच्या दिवशी ते घडलं. त्या दिवशी कुठलंही भांडं वापरायचं नसतं. कणीक काठीला गुंडाळून भाजायची, वांगी-बटाटे निखाऱ्यात, पानांच्या द्रोणात खायचं. धूर इतका झाला होता की सगळ्यांचे डोळे चोळून लाल झाले होते. मी एका चुलीपासून दुसऱ्या चुलीकडे फुंकर घालत फिरत होतो. मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली जातं. वरचा गाळ वाळून भेगाळतो, माणूस त्यावरून चालतो आणि वाटतं जमीन पक्की आहे. पाण्याजवळ मात्र खाली नुसता लोण्यासारखा चिखल असतो. म्हणून आम्ही लाल फडक्यांची ओळ लावली होती आणि तिच्या पलीकडे माझ्याशिवाय कुणी जायचं नाही, असा नियम होता. अण्णांचा नातू आपल्या संघातल्या दोन लहानग्यांना घेऊन पलीकडे गेला. पाण्याशी गेल्यावर त्यातला एक मांड्यांपर्यंत रुतला, घाबरून पुढे पडला आणि त्याचं तोंड पाण्यात गेलं.

ओळीच्या अलीकडे हापशावर बटाटे धुवायला गेलेल्या हत्तीवाल्याने ते पाहिलं. त्याने चिखलावर पोटावर आडवं पडून आपली स्काउटची काठी पुढे सरकवली आणि ओरडला, "धर! सोडू नगंस, धर!" आम्ही पोचलो तेव्हा तो पोरगा काठावर ओकत होता. तो आधी बोलला ते एवढंच, "सर, माझी एक चप्पल राहिली."

दुपारी मानसभा बसली. मी बोलावली नव्हती, मुलांनीच बोलावली. अण्णांच्या नातवाने काही लपवलं नाही. "मीच नेलं. लई उकडत होतं त्यांना. मला वाटलं कडंला बसू." मग ठराव झाला: शिबिर संपेपर्यंत त्याने खिशावरच्या संघनायकाच्या पट्ट्या उतरवायच्या, वाघांचा झेंडा उपनायकाने धरायचा. त्याने स्वतः पट्ट्या काढल्या. तंबूमागे जाऊन थोडा रडला, आणि संध्याकाळी आपणहून कांदे चिरायला बसला. हत्तीवाला त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "रडायचं आसंल तर आत्ताच रड, कांद्यात कुनाला कळत न्हाई." दोघंही खो-खो हसले. ते पाहून मला वाटलं, करमाळ्याच्या सरांना हे दाखवायला हवं होतं.

भाजीचा टेम्पो रोज यायचा. ही बातमी त्याच टेम्पोतून माणला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमो थेट तंबूंपर्यंत आली. अण्णा उतरले. नातवाला जवळ घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "सर, पट्ट्या कुटं हायेत ह्याच्या?"

मी सगळं सांगितलं. लाल फडकी, चिखल, काठी.

"पोरगं बुडलं का? न्हाई ना?"

"नाही, पण..."

"मंग? रविवारी पाव्हणं येनार हायेत. चौकात बोर्ड लावलाय मी. झेंडा त्याच्याच हातात दिसला पायजे."

"अण्णा, ठराव मुलांचा आहे. मला तो बदलता येत नाही. तसा नियमच आहे."

"नियम?" ते आवाज चढवून बोलत नव्हते, त्यांना त्याची गरज नसते. "शाळा कुनाची हाय? पगार कोन देतं तुमाला, पोरं देत्यात का?"

माझ्या मनात त्या क्षणी नियम नव्हता. आमची खोली होती, बायको होती, आणि डोनेशन न मागता मला या माणसाने उभं केलं होतं, ते होतं. तरीही मी म्हणालो, "मी पोरांना शब्द दिलाय, अण्णा."

"बरं. मंग जूनची आर्डर पन पोरांकडनंच घ्या." आणि ते गाडीत बसले. जाताना नातवाच्या हातात खाऊची पिशवी दिली. तो ती धरून तसाच उभा राहिला.

चुलीपाशी मुलं राखेने भांडी घासत होती. त्यांचे हात थांबले होते. मी तिकडे पाहिल्यावर परत सुरू झाले.

जेवणं झाल्यावर गरुडवाला आला. "सर, मानसभा बसवायचीय." मला बरं वाटलं. हत्तीवाल्याच्या धाडसाबद्दल काही मान करायचा असेल, असं वाटलं. जांभळाखाली बसलो. अण्णांच्या नातवालाही त्यांनी बोलावलं होतं.

"विषय, कालच्या ठरावाचा फेरविचार," गरुडवाला म्हणाला. वहीतून वाचल्यासारखं, पण त्याच्या हातात वही नव्हती. "शिक्षा जास्त झाली असं आम्हाला वाटतं. पट्ट्या परत द्याव्यात. झेंडा पण."

"काल नाही वाटली जास्त?" मी विचारलं.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी हत्तीवाला म्हणाला, "सर, काकूंचं बाळ पावसाळ्यात येनार हाय ना? आई म्हनत हुती."

"त्याचा इथे काय संबंध?"

"न्हाई, आपलं इचारलं."

मी रागावलो. आयुष्यात मुलांवर इतका कधी रागावलो नसेन. काल एक मुलगा मरता मरता वाचला, म्हणालो. तुम्ही जे बरोबर ठरवलं ते कुणाच्या भीतीने बदलायचं नाही, माझी काळजी करणं तुमचं काम नाही, नोकरीचं माझं मी बघेन. मी बरंच बोललो. मुलं खाली मान घालून ऐकत होती, वर्गात ऐकतात तशी. बोलणं संपल्यावर गरुडवाला अगदी हळू, आदराने म्हणाला, "सर, तुम्हाला मत नाहीये."



अण्णांचा नातू एकदम म्हणाला, "मला नको पट्ट्या. मी चुकलोय."

"तुला कोन इचारतंय? गप बस," हत्तीवाला त्याच्यावर खेकसला. ज्याने काल त्याच्याशेजारी बसून कांदे चिरले होते, तोच. त्याने पट्ट्या हातात घेऊन त्याच्या खिशाला टाचल्या. नातवाने मान दुसरीकडे वळवली होती. टाचणी बहुतेक बोचली, कारण तो दचकला. हरणांच्या नायकाने नेहमीप्रमाणे हात वर केला. ठराव झाला.

सकाळी मी अण्णांना सांगितलं होतं की ठराव मला बदलता येत नाही. ते खरंच होतं. आता हाही बदलता येत नव्हता.

रविवारी पाहुणे आले. मंडप टाकला होता, फेटे होते, जिलेबी होती. नातवाने झेंडा धरून संचलन केलं. पावलं चुकली नाहीत, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एका पाहुण्याने त्याचं कौतुक केलं, "शिस्त बघा पोराची, इकडंतिकडं बघत न्हाई." चिखलात रुतलेल्या मुलाचे आईवडीलही आले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. आईने पोराला पोटाशी धरलं, मग इकडेतिकडे पाहून मला म्हणाली, "झालं गेलं सर. आता नका वाढवू. आम्हाला पण इथंच राहायचंय." काठीने ज्याने त्याला ओढलं त्याचं नाव भाषणात आलं नाही. मी ते घेणार होतो, पण सूत्रसंचालन अण्णांच्या पुतण्याकडे होतं आणि मला आभारापुरताही माईक मिळाला नाही.

जूनमध्ये अण्णांनी ऑफिसात बोलावलं. कायमची ऑर्डर टेबलावर होती. ते मोकळेपणी हसत होते. "सर, त्या दिवशी माजंबी जरा जास्तच झालं. पन तुमी हुशार निघालात. आदी पोरांसमोर न्हाई म्हनलात आणि मंग पोरांकडनंच करून घेतलं. आसा मानूस पायजे शाळंला."

"अण्णा, मी करून घेतलं नाही. मुलांनी त्यांच्या मनानं..."

"व्हय, व्हय, आसंच म्हनायचं आसतं. कळतं आमाला."

मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. जितकं सांगत होतो तितका मी त्यांना आणखी हुशार वाटत होतो. मग मी ऑर्डर घेतली आणि त्यांच्या पाया पडलो. ते नाटक नव्हतं. माझ्या घराण्यातली ती पहिली पक्की नोकरी होती आणि ती या माणसाने दिली होती. वडिलांना फोन केला तेव्हा नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. अण्णांचा फोटो पाठव, देवाजवळ लावतो, असं ते नंतर म्हणाले. मी पाठवला.

ऑफिसातून बाहेर आलो तर व्हरांड्यात तिघे नायक उभे होते. अण्णांचा नातू त्यांच्यात नव्हता. शिबिरानंतर तो त्यांच्यात फारसा दिसायचा नाही, आणि त्या वर्षी त्याने स्काउटला नाव दिलं नाही.

"झालं का सर?" हत्तीवाल्याने विचारलं.

"झालं."

तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. गरुडवाला म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं? बरोबर चाल खेळली आपण." ते नाचत वर्गाकडे गेले. ती मुलं इतकी खूश होती, माझ्यासाठी खूश होती, की मी त्यांना थांबवलं नाही. त्या वर्षी मानसभा मी बरेच दिवस बोलावलीच नाही.