जावेच्या पडवीतलं नेट

माझी मुलगी पुण्याच्या एका कंपनीत आहे. घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून पावसाळा संपल्यावर ती किहीमला आली. घरी आली, असं मी चार जणींना सांगितलं. प्रत्यक्षात ती सकाळी आंघोळ उरकून, लॅपटॉप काखोटीला मारून निघायची, वाडीतून पलीकडे जायची आणि माझ्या धाकट्या जावेच्या पडवीत बसायची, ती दिवेलागणीला परत. कारण नेट तिच्याकडे होतं.

आमची वाडी एक, घरं दोन. दिराचं रस्त्याकडे, आमचं समुद्राकडे. दोघंही पाहुण्यांना खोल्या देतो, आणि समुद्राकडचं घर म्हणून मी आजवर थोडी मिरवलेही. पण नेटची लाइन खांबावरून येते आणि खांब रस्त्याला. मध्ये नारळ फार आहेत, असं सांगून कंपनीवाल्यांनी आमच्याकडे लाइन ओढायला नकार दिला.

जाऊ तशी वाईट नाही. तेच मला जास्त खुपायचं. दुपारी विहिरीपाशी येऊन ती हाक मारायची, "वहिनी, पोरगी जेवलीय हां, तुमी वाट बघू नका. बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलंन तिनं." इकडे मी कोलंबी करून बसलेली. माझ्या हाताला चव नाही का? पोटची पोर माझी, आणि तिला काय आवडतं ते ही मला विहिरीवरून सांगणार. मी जळायचे, दुसरा शब्द नाही.

मी अलिबागला जाऊन प्लगमध्ये खोचायची एक पांढरी डबी आणली. ही नेट पुढे फेकते, असं दुकानदार म्हणाला होता. मुलीने ती बघितली आणि हसली. "आई, हा रिपीटर आहे. याला जेवढं ऐकू येतं तेवढंच हा पुढे सांगणार. काकूकडून इथे येईपर्यंत सिग्नलमध्ये जीवच उरत नाही, मग हा तरी काय सांगेल?" आणि गेली काकूकडे.

मग आमचे हे पेटले. ह्यांच्या एका मित्राने सायबर कॅफे बंद केला होता. त्याच्याकडची आठ भोकांची एक जुनी पेटी घेऊन आले, आणि दिराच्या घरापासून आपल्या घरापर्यंत नारळांना बांधत बांधत वायर आणली. मुलीने पेटी उलटी करून पाहिली.

"बाबा, हा हब आहे. एका भोकातून आलेलं हा बाकीच्या सगळ्या भोकांतून सोडून देतो. कोणासाठी आलंय ते बघतच नाही. दोघं एकदम बोलले की टक्कर होते, आणि दोघांना पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागतं."

"म्हणजे तुझी काकू," मी म्हटलं. "काहीही कळलं की गावभर."

ती हसली नाही. म्हणाली, आपल्याला स्विच पाहिजे. तो आला तेव्हा दिसायला जवळपास तसाच, तशीच भोकं, तसेच दिवे. फरक आतला. प्रत्येक यंत्राला आपला पत्ता असतो, आणि कोणत्या भोकाला कोण जोडलंय हे स्विच लक्षात ठेवतो, ज्याचं त्यालाच देतो. पण तो वायरवाल्यांसाठी. पाहुण्यांच्या मोबाइलना हवेतून नेट द्यायला ॲक्सेस पॉइंट वेगळा, तो त्या स्विचला जोडायचा.

"आणि राउटर?" मी विचारलं. हा शब्द मला ठाऊक होता.

"तो काकूकडेच राहणार. एकच पुरतो. दोन्ही घरांतल्या यंत्रांना नंबर तोच वाटून देतो, आणि बाहेरच्या जगात जायचं तर त्याच्यातूनच."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे आपण तिच्याच दारातून बाहेर पडायचं?"

"आई, मी यंत्राबद्दल बोलतेय."

सगळं बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती माजघरात टेबल मांडून, लॅपटॉपला वायर लावून बसली. मी घावणे केले. बशी ठेवायच्या निमित्ताने किती वेळा आत डोकावले, मलाच माहीत. ती कानात ते खुपसून कोणाशी तरी इंग्रजीत बोलत असायची. चालेल, पण माझ्या घरात. दुपारी मी मुद्दाम जावेला विहिरीवर गाठलं आणि म्हटलं, "पोरगी घरीच आहे हो आज." ती म्हणाली, "बरं झालं." तिला लागलं असावं, असं मी धरून चालले.

दोन-चार दिवसांनी मुलगी लॅपटॉप घेऊन अंगणात बसली. तिची वायर स्विचमधून नुसतीच लोंबत राहिली. आमच्या ह्यांचा जन्म वाडीला पाणी लावण्यात गेलाय. पाइपाचं तोंड उघडं ठेवायचं नाही, बेडूक शिरतात, हे त्यांच्या हाडात मुरलंय. त्यांनी वायरचं उघडं तोंड पाहिलं, स्विचचं रिकामं भोक पाहिलं, आणि एकात एक नीट बसवून टाकलं. थोड्याच वेळात विहिरीवरून हाक आली.

"वहिनी, तुमच्याकडं नेट हाय का? आमचं पार बसलंय. पाहुणे कातावलेत."

"नाही बाई," मी म्हटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. आता पोरीने तिकडे जाऊनही उपयोग नव्हता.

मुलगी आत आली. स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. तिने वायरचं एक टोक उपसलं आणि दोन्ही घरांचं नेट आलं. काही निरोप सगळ्यांसाठी असतात, ते स्विचही सगळ्या भोकांतून सोडतो. इथे एका भोकातून गेलेला निरोप वायरमधून फिरून दुसऱ्या भोकातून त्याच स्विचमध्ये येत होता, तो पुन्हा सगळीकडे, पुन्हा आत. त्या गर्दीत दोन्ही घरं तुंबली. हे म्हणाले, "पाणी असतं तर असं झालं नसतं."

तेव्हापासून नेट उत्तम आहे. पाहुणे खूश, मुलगी रोज माजघरात. आठवडाभर मी फार सुखात होते.

मग एका संध्याकाळी तिने लवकर लॅपटॉप मिटला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस? नेट गेलं का?"

"नाही गं, मस्त चाललंय. काकूकडे जाते. इतके दिवस तिथे बसून नुसतं कामच केलं, तिच्याशी धड बोलणंच झालं नाही. आता निवांत बसता येईल." पायरीवर थांबून तिने विचारलं, "तू येतेस?"

मला खूप कामं पडलीत, असं मी सांगितलं. एकही काम नव्हतं.