बिनखोट तूर

आमच्या लोहारा गावच्या वीरप्पाअण्णांचा सख्ख्या भावावर भरवसा न्हाय, तिथं पोत्यावर कुठला! तूर घेताना ते पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळाची मूठ काढतात. खडे निघाले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग ते भाव पाडून माल घेतात आणि त्याचीच डाळ करून दुकानात विकतात.

एकदा बब्रुवान नावाचा अनोळखी शेतकरी ट्रॅक्टरभर तूर घेऊन आला. सगळी एकदम घ्या, न्हायतर पुढं जातो, म्हणाला. अण्णांची सगळी पुंजी त्यात गेली असती. त्यांनी एकेक पोतं तळापर्यंत चाचपलं. खाली-वर सारखीच टपोरी तूर!

"खडा न्हाय म्हंजे कायतरी काळंबेरं हाय," म्हणत त्यांनी त्याला वाटेला लावलं. आता काय बोलावं या माणसाला! समोरच्या दुकानदारानं सगळी तूर घेतली.

पुढं एकदा जेवताना अण्णा बायकोला म्हणाले, "वरण लई गोड झालंय. डाळ आपलीच ना?"

"न्हाय, समोरच्या दुकानातली," रुद्रम्मा म्हणाली. "खोट सापडल्याबिगर तुमी माल घेताय कुठं?"