गभणेंचा कान

आमच्या तोफेच्या दारूच्या कारखान्यात शालिकराम गभणे यांच्या कानाला साहेबांपेक्षा जास्त मान होता. तपासणीच्या खोलीत चिमूटभर दारू ऐरणीवर ठेवायची, आडोशामागून दोरी ओढून दोन किलोचा हातोडा तिच्यावर सोडायचा आणि ऐकायचं. नुसतं 'ठक' झालं तर पुढच्या वेळी हातोडा एक खूण वर; 'फट्' झालं तर एक खूण खाली. असं पन्नास वेळा. जितक्या उंचीपर्यंत दारू गप्प, तितकी ती हाताळायला सुरक्षित. सव्वीस वर्षं हा निवाडा गभणेंचा. अंगात ताप असला तरी कामावर येणारा हा माणूस कान बुजला की मात्र रजा टाकायचा.

त्या गुरुवारी नव्या खेपेचा निकाल असा काही आला, की देशकरसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. एवढी शांत दारू आम्ही जन्मात पाहिली नव्हती. सोमवारी खेप फौजेकडे निघणार होती.

रविवारी घरी गभणेवहिनींनी त्यांना कुकरपाशी बसवलं. "तीन शिट्ट्या झाल्या का बंद करा जी." वहिनी अंगणातून परत येतात तो डाळीचा कोळसा!

"सात झाल्या! शेजारीण मोजत होती. तुमी का झोपले होते?"

"एकही नाही झाली व," गभणे म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

सोमवारी सकाळी मी फायली घेऊन साहेबांकडे गेलो, तर गभणे आधीच उभे.

"साहेब, गुरुवारचा निकाल थांबवा."

"का हो? इतका चांगला निकाल!"

"तेच तर म्हणतो जी. दारू गप नसन, मलेच आयकू आलं नसन."

साहेबांनी आवाज खाली आणला. मग लक्षात येऊन पुन्हा चढवला. "गभणे, हे कागदावर आलं तर तुमचा निवाडा गेला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय फक्त."

"मालूम आहे जी. पण पेट्या उचलणारे पोट्टे माह्या सहीवर उचलतीन ना."

लगेच फेरतपासणी लागली. नवी तपासनीस पुष्पकला हटवार कान देऊन उभी राहिली. हातोडा पडला.

"नाही," गभणे म्हणाले.

"झाला आवाज, काका."

तीनदा असंच. चौथ्यांदा त्यांनी आधी तिच्याकडेच पाहिलं. मग जुन्या कागदावर स्वतःच 'रद्द' लिहून सही ठोकली. खेप थांबली.

साहेबांनी दोरी तेवढी त्यांच्याच हातात ठेवली. आता ते हातोडा सोडतात आणि पुष्पकलेच्या तोंडाकडे टक लावून बघतात.

"काका, असे नका पाहू, हसू येते मले."

"हास ना बाई. पण आयकून हास."