पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

माझा मामा छापखान्यात तिकिटांवर नंबर मारायचा. यंत्राचा दांडा दाबला की खट् आवाज, आणि आकडा एकाने पुढे. अठ्ठावीस वर्षं हेच काम करून तो कंटाळला नाही, कारण प्रत्येक आकडा मनात फोडून बघायचा: याला कशाने भाग जातो, कशाने नाही. छापखान्यातले लोक त्याला आकडेशास्त्री म्हणत. मामी काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी दहा वर्षांची असताना एका दुपारी त्याने यंत्र थांबवून मला बोलावलं. ५१०५१० आला होता. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, या पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार म्हणजे हाच आकडा, हे सांगताना तो घरात पाळणा हलल्यासारखा खूश होता. मग खट्. ५१०५११. आता याचं काय, त्याने विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, सातांपैकी कशानेही भागलं तरी एक उरणार, म्हणजे याला कशानेच भाग जात नाही, ही मूळ संख्या. मामाने एक भुवई वर केली आणि म्हणाला, "तपास."

मी तपासलं नाही. त्या भुवईचा मला राग आला होता, आणि राग धरून बसण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही.

गेल्या महिन्यात मामाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, वार विचारला. तो भिंतीकडे बघत राहिला. त्याला काही कळतंय का, हे त्यांनाही सांगता येईना. मामी रोज मला खोलीबाहेर नेऊन एकच विचारायची, "आत आहेत ना गं ते?" मी विषय बदलायची. मला भीती वाटत होती, सरळ सांगते.

मी त्याच्यापाशी बसून आकडे वाचायची. पलंगाचा नंबर, औषधाच्या खोक्यावरचा, जुन्या तिकिटांवरचे. पालथ्या घड्यावर पाणी. नवव्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"ऐक मामा," मी म्हटलं. "पाच लाख दहा हजार पाचशे अकरा ही मूळ संख्याच आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं. हरलास तू."

डोळे भिंतीवरून माझ्याकडे वळले. डावी भुवई हळूहळू वर गेली. मग डाव्या हाताचं बोट चादरीवर फिरलं. एक, आणि शेजारी नऊ.

"एकोणीस?"

वाकड्या ओठांची बरीच खटपट झाली. शेवटी घोगरा शब्द आला. "तपास."

मामीच्या सामानाच्या यादीमागे मी भागाकार मांडला. दोनदा चुकले. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर, बाकी शून्य. सातांत कोणी नाही म्हणून कुठेच कोणी नाही, असं मी तीस वर्षं धरून बसले होते. एकोणीस तर मूळ संख्यांच्या रांगेत सतराच्या शेजारीच होता.

कागद घेऊन मी बाहेर धावले. मामीला भागाकारातलं काही कळत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आत आहे तो, मामी," मी म्हटलं. "आणि मी चुकले होते."